फादर येताहेत, असं मी म्हणालो होतो

बाबा, लाकडावर लाकूड आपटल्याचा तो कोरडा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आपल्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात. खट्, मग जरा थांबून खट्-खट्. आई पेज ढवळत होती, तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. तुम्ही उंबऱ्यात उभे होतात. रेल्वेच्या कारखान्यात जुन्या डब्याचा सागवानी बाक मोडला होता, त्याची एक फळी साहेबाला विचारून तुम्ही घरी आणली होती आणि आठवडाभर रोज संध्याकाळी मागच्या अंगणात बसून तिला रंधा मारत होतात. फळीच्या मधोमध बिजागरीवर बसवलेला लाकडी हातोडा आणि खाली मूठ. मनगट हलवलं की हातोडा या अंगावरून त्या अंगावर आपटायचा. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत देवळातल्या घंटा मुक्या होतात त्या ईस्टरपर्यंत, आणि तेवढे दिवस लोकांना बोलवायचं ते या लाकडानं. वसईला तुमच्या लहानपणी ते होतं, बडोद्याच्या आपल्या एवढ्याशा चर्चमध्ये नव्हतं, म्हणून तुम्ही केलंत. आई म्हणाली, अहो, बंद करा ते, पोटात कसंतरी होतंय. तुम्ही हसलात. म्हणालात, व्हायलाच पाहिजे, नाहीतर परत रंधा मारावा लागेल.

त्या वर्षी शुभ शुक्रवारी ते तुम्ही माझ्या हातात दिलंत. मी नऊ वर्षांचा. कॉलनीच्या गल्ल्यांतून मी ते वाजवत फिरतो आहे, उन्हानं डांबर मऊ झालं आहे, दारादारांत बायका उभ्या राहतात, त्यातल्या काही आपल्या धर्माच्या नाहीत तरी पदर सावरून हात जोडतात. एवढा मान मला पुढे कधी मिळाला नाही. म्हणून असेल, सण होऊन गेल्यावर आठ दिवसांनी मी ते खाटेखालून काढलं आणि भर दुपारी नुसत्या मजेखातर गल्लीच्या टोकापर्यंत वाजवत गेलो. टोकाच्या क्वार्टरमध्ये एक निवृत्त गार्ड अंथरुणाला खिळलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. तुम्ही मला मारलं नाहीत. लाकूड माझ्या हातून घेतलंत, गोणपाटात गुंडाळलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "हे उगाच वाजवायचं नसतं. हे वाजलं की कोणालातरी यावंच लागतं." कोणाला, ते सांगितलं नाहीत. पण तेव्हापासून कुठल्याही घरात बसलो तरी दार दिसेल अशाच जागी बसतो. तुमच्या सुनेला याचं हसू यायचं.

भीती आपल्या घरात मीठमिरचीसारखी होती, रोजची, मोजून घातलेली. रविवारी मिस्सा झाली की तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून विश्वामित्री नदीच्या पुलावर न्यायचात. खाली चिखलात मगरी पडलेल्या. "ओंडका वाटतो ना, मास्तर?" तुम्ही विचारायचात. मला तुम्ही तेव्हापासूनच मास्तर म्हणायचात, कारण मी सदा वाचनमालेतल्या कविता घोळवत हिंडायचो. "नीट बघ. ओंडक्याला डोळे नसतात. पाप असंच पडून असतं." शनिवारी फादरांपुढे गुडघे टेकून आठवड्याची पापं सांगायची. मला पुरेशी सापडायची नाहीत, म्हणून मी दोन-तीन तयार करायचो, आणि मग खोटं बोलल्याचं खरं पाप पुढच्या शनिवारसाठी शिल्लक राहायचं. मिस्सा लॅटिनमध्ये, एक अक्षर कळायचं नाही. संध्याकाळची रोझरी मात्र मराठीत. पन्नास वेळा तेच ते म्हणताना डोळे मिटायला लागले की माझ्या तोंडून त्याच ठेक्यावर नदीची नाहीतर पाखरांची कविता सुरू व्हायची, आणि आईची चापट बसेपर्यंत मला पत्ताही नसायचा की मरियामाऊलीला सोडून मी चौथीच्या पुस्तकात शिरलोय. आज वाटतं, त्या दोन गोष्टी माझ्यात वेगळ्या कधी झाल्याच नाहीत. पाठांतराची एकच पेटी होती आणि तिच्यात सगळं एकावर एक ठेवलेलं होतं.

मग मी खरोखरचा मास्तर झालो. मांडवीजवळच्या मराठी शाळेत तीस वर्षं कविता शिकवल्या. शेवटच्या काही वर्षांत वर्ग रिकामे व्हायला लागले. घरोघरी केबल आली, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ आले, आणि ज्यांचे आजोबा गायकवाडी कचेरीत मराठीत कागद लिहीत होते त्यांची नातवंडं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसून गुजरातीत भांडायला लागली. आई गेलेली होती. तुम्ही निवृत्त होऊन फंडातून घेतलेल्या या बैठ्या टेनामेंट घराच्या ओट्यावर बसून लोकांचे पाट, चौरंग नीट करून द्यायचात. अशा वेळी एका सहशिक्षकानं मला एका प्रार्थनासभेत नेलं. गावाबाहेरच्या एका घरात सतरंजीवर बसलेली वीस-पंचवीस माणसं. ना मूर्ती, ना मेणबत्ती, ना फादर. पुढे बसलेले, ज्यांना सगळे मोठे भाऊ म्हणत ते गुजराती, पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात फोरमन. त्यांनी डोळे मिटले आणि शेजारच्याशी बोलावं तसे देवाशी बोलायला लागले. आपल्या शब्दांत. काहीही पाठ न केलेलं. बाबा, मी तिथे रडलो. पन्नाशीला आलेला माणूस, खांदे हलवून रडलो. मला कोणी फसवलं नाही, कसली लालूच दाखवली नाही, आणि तुमच्यावर राग म्हणून तर मी मुळीच गेलो नाही. बायबलचं वचन स्वतःच्या हातात घेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी, भीती न वाटता वाचता येतं हे मला तिथे कळलं. ते अजूनही खरं वाटतं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की म्हातारा फिरला.

पादरा गावाच्या रस्त्यावर एका शेतातल्या हौदात मी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. थंडीचे दिवस, पाणी शेवाळलेलं, आणि डोकं पाण्याखाली जाताना माझ्या मनात काय यावं, तर मगर. घरी येऊन पांढरा सदरा-लेंगा मागच्या दोरीवर वाळत घातला आणि शाळेत गेलो. हीच चूक. संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसला होतात, मांडीवर तो वाळलेला सदरा, आणि बोटांनी बाहीवरचं शेवाळ खरवडत होतात. तुम्ही सगळं कुठूनतरी ऐकलेलंच असणार. ओरडला नाहीत. म्हणालात, "एकदा रंधा मारलेल्या लाकडाला परत परत मारला ना मास्तर, तर ते गुळगुळीत होत नाही. पातळ होतं." एवढंच. पुढच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून येताना नेहमीसारखा झावळीचा छोटा क्रूस विणून आणलात आणि माझ्या खोलीच्या दारामागे खोचलात. मी तो काढला. दुसऱ्या वर्षी पुन्हा खोचलात. आपण दोघांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. फक्त एकदा, मी जेवणाआधी माझ्या शब्दांत प्रार्थना केली तेव्हा तुम्ही आमटीत चमचा फिरवत म्हणालात की छान आहे, पण शेवटी तोंडात येतं ते पाठ असलेलंच. मला ते टोमण्यासारखं लागलं होतं.

आणि आता तो दिवस. किती वर्षं मी त्याच्याभोवती फिरतो आहे. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला होता, तुमच्या छातीत पाणी झालं होतं आणि दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तुमची सून आणि नात वसईला, सुनेच्या आईचं ऑपरेशन होतं म्हणून. सकाळी दहाच्या सुमाराला तुम्ही म्हणालात, "मास्तर, फादरांना बोलाव." याचा अर्थ मला ठाऊक होता. ते येणार, कपाळाला आणि हातांना पवित्र तेल लावणार, ख्रिस्तशरीर देणार. मी कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो, काचेचं दार लावून घेतलं, रिसीव्हर उचलला. चर्चचा नंबर मला कित्येक वर्षांपासून पाठ. बोटं त्या आकड्यांवर होती. आणि मी मोठ्या भाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "भाई, एमनी अने प्रभुनी वच्चे त्रीजानुं शुं काम?" तुमच्या वडिलांच्या आणि देवाच्या मध्ये तिसऱ्याचं काय काम. मग त्यांनी फोनवरच तुमच्यासाठी प्रार्थना केली, मनापासून केली, मीटरचे लाल आकडे पळत होते. खोटं बोल असं त्यांनी मला सांगितलं नाही. ते मी माझ्या मनानं केलं. परत आलो तर तुम्ही विचारलंत, केलास फोन? मी म्हटलं, केला. तुम्ही विचारलंत, येतायत? मी म्हटलं, येताहेत.

तुमचा चेहरा मोकळा झाला, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मग तुम्ही मला टेबल मांडायला लावलंत, आजाऱ्याकडे फादर यायचे असले की मांडतात तसं. आईच्या ट्रंकेतलं, तिनं कडेला भरतकाम केलेलं पांढरं कापड. त्यावर क्रूस, वाटीत आशीर्वादित पाणी, एक मेणबत्ती. तुम्ही उशीवरून बघत होतात. डावीकडे कापड लोंबतंय, ओढ. सांधा तपासावा तसे डोळे बारीक करून. सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावून घेतलीत. मेणबत्ती पेटवायला गेलो तर म्हणालात, आत्ता नको, आले की लाव. ज्याला बोलावलंच नव्हतं अशा पाहुण्यासाठी मी टेबल मांडत होतो, बाबा, आणि घडी नीट पडावी म्हणून हातानं कापड सारखं करत होतो.

दुपारी शेजारच्या काकू ताक घेऊन आल्या. त्यांनी ते टेबल पाहिलं आणि मला ओट्यावर बोलावलं. तुमचे फादर अजून कसे आले नाहीत, मी रिक्षानं जाऊन घेऊन येऊ का, मला फक्त जागा सांगा. मी म्हटलं, काही गरज नाही, निघालेत. "आमच्यात शेवटी तोंडात गंगाजल घालतात," त्या हळूच म्हणाल्या. "घालणाऱ्याचा त्यावर विश्वास आहे का, ते कोणी विचारत नाही हो." ताकाचं भांडं ठेवून गेल्या. पुढे वीस वर्षं शेजारी राहिल्या, पण पुन्हा कधी मला मास्तर म्हणून हाक मारली नाही.

मी तुमच्याजवळ गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली. चांगली केली, भाषा हाताशी होती. तुम्ही डोळे मिटून ऐकलीत आणि म्हणालात, "छान बोलतोस. आता पाठ असलेलं म्हण." रोझरीतलं नमो मरिया मी सोडलं होतं. मेलेल्या माणसांना, मग ती केवढीही पवित्र असोत, हाक मारायची नाही हे मी मान्य केलं होतं, आणि मला वाटलं, आत्ता वाकलो तर सगळंच खोटं ठरेल. मग तुम्ही एकट्यानंच सुरू केलंत. एक ओळ, दुसरी ओळ, आणि मध्येच अडलात. शब्द सापडेना. वर्गात कविता म्हणायला उभा राहिलेला मुलगा अडला की मास्तरांकडे बघतो, तसे तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तीस वर्षं मी त्या नजरेला ओठ हलवून पुढचा शब्द दिला आहे. तुमचा शब्द मला येत होता. तो माझ्या जिभेवर होता. मी दिला नाही.

तुम्ही नजर माझ्यावरून काढून दाराकडे लावलीत. बाहेर एक रिक्षा थांबली तेव्हा तुमचा हात गळ्याच्या बटणापर्यंत गेला. रिक्षा पलीकडच्यांकडे आली होती. चारच्या आधी कधीतरी तुम्ही गेलात, दाराकडे बघत. मग मी बूथवर गेलो आणि या खेपेला चर्चचा नंबर लावला. फादर स्कूटरवरून आले. पंधरा मिनिटं लागली त्यांना, बाबा. पंधरा. त्यांनी टेबल पाहिलं. वाटीतल्या पाण्यावर धूळ बसली होती, एक मुंगी तरंगत होती. टेबल कधी मांडलंस, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी बोटानं ती मुंगी पाण्याबाहेर काढली. तुमचं दफन तुमच्या रीतीनं झालं आणि मी मागे, फाटकापाशी उभा राहिलो.

तुम्हाला तेलावाचून काही कमी पडलं असं मी मानत नाही. देव फादरांच्या स्कूटरसाठी खोळंबून राहत नाही, हे मी कितीतरी जणांच्या उशाशी बसून सांगितलं आहे आणि ते सांगताना माझा आवाज कधी हलला नाही. पण तुमच्या वाट बघण्याचं काय करायचं, ते मला माझ्या विश्वासात कुठे सापडत नाही. देवानं तुम्हाला घेतलं असेल. ते सहा तास मात्र मी घेतले. आणि मृतांशी बोलायचं नसतं हे शिकवणारा मी, आज तुम्हाला पत्र लिहितो आहे. ते टाकायला पेटी नाही, याचं बरंच वाटतं.

आता माझ्या छातीत पाणी झालं आहे. तुम्ही गेलात त्या वयाचा झालो मी. तुमची सून दोन वर्षांपूर्वी गेली, तुमची नात कॅनडात आहे, रोज फोनवर तोंड दाखवते. तिला सांगून ठेवलं आहे की माझ्या वेळी कोणा फादरला बोलवायचं नाही. रविवारी सभेतली मंडळी येऊन गातात. पण दुपारी धाप लागते तेव्हा माझ्या शब्दांतलं काहीच तोंडात येत नाही. आधी चौथीतली ती नदीची कविता येते, आणि तिच्या पाठोपाठ, त्याच ठेक्यावर, नमो मरिया. तुम्ही जिथे अडलात तिथपर्यंत. त्या शब्दापाशी मी दात आवळून थांबतो. आणि उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारपासून तो आवाज येतो आहे. कधी मागच्या अंगणातून, कधी मोरीतून. खट्. मी उठून बघतो, नळाखाली बादली असते, कडी हललेली असते. डॉक्टर म्हणतात औषधानं होतं तसं.

चार दिवसांपूर्वी मी चर्चला फोन केला. नंबर तोच आहे, पुढे एक आकडा वाढलाय इतकंच. कोणी तरुण आवाज होता, हिंदी बोलणारा, या बाजूचा नसावा. मी फक्त एवढंच विचारलं की गुड फ्रायडेला वाजवायचं ते लाकडाचं अजून आहे का, माझ्या वडिलांनी केलेलं. तो म्हणाला, आप कौन बोल रहे हैं? मी फोन ठेवून दिला. नाव सांगितलं नाही. आज सकाळी ट्रंक उघडली आणि आईचं पांढरं कापड काढून टेबलावर घातलं. मार्चमध्ये फार धूळ येते, म्हणून.

आवाज आत्ताही येतो आहे. पण तो मोरीतून नाही, रस्त्यावरून. जवळ येतो आहे. एक पाऊल, एक खट्. बिजागरी सैल झालेली असली की असाच येईल, तुम्ही लगेच ओळखलं असतंत. मी बसतो तिथून फाटक दिसतं. पांढऱ्या झग्यातला एक तरुण माणूस घरांचे नंबर वाचत येतो आहे आणि त्याच्या हातात, गोणपाटातून अर्धी बाहेर आलेली, तुमची सागवानी फळी आहे. चर्चमधल्या कोणा जुन्या माणसानं सांगितलं असणार, हे करणाऱ्याचा मुलगा अमुक ठिकाणी राहतो म्हणून. मी बोलावलं नव्हतं, बाबा. फाटकाची कडी निघाली. तो ओट्यावर चपला काढतो आहे. घंटी वाजली.

फादर आले.

ते तुमच्यासाठी आले की माझ्यासाठी, मला कळत नाही. दार उघडायच्या आधी एवढंच कबूल करतो. ते कापड मी धुळीसाठी घातलेलं नाही.